परमुलखातली वीण : वाचकांचे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे लोकरीची पत्रे वाढतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे. यंदा मात्र बाळाच्या टोपड्याला किती टाके घालावेत, या नेहमीच्या प्रश्नाच्या जोडीला निराळीच पत्रे आली. मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी जाऊन, तिथल्या दुकानांत टांगलेले स्वेटर उलटे करून पाहून आलेल्या वाचकांची ती पत्रे आहेत. त्यांतली आठ येथे घेतली आहेत. काहींनी नाव छापू नये असे कळवल्यामुळे सगळ्यांचीच नावे गाळून गावे तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न (नाशिक) : गेली चाळीस वर्षे मी दोन सुयांवर विणते आहे. सुलट, उलट, जाळी, वेणी हे सगळे हातात बसलेले आहे. आता इतर देशांतल्या पारंपरिक पद्धती शिकाव्यात असे वाटते; पण नमुने इंग्रजीत असतात आणि त्यांतली संक्षिप्त रूपे मला लागत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी आपल्याच भाषेची एक गंमत सांगते. आपण पैठणी विणतो, स्वेटर विणतो, क्रोशाचा रुमाल विणतो, टोपली विणतो आणि सुंभाची बाजही विणतो. या सगळ्यांना मराठीत एकच क्रियापद पुरते, त्यामुळे परक्या मुलखाचे काम पाहताना आपली पहिली फसगत इथेच होते. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांना छेदतात. सुयांच्या विणकामात एकच धागा स्वतःच्याच फासातून पुढे पुढे जातो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधले तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले लोकरीचे मोजे आहेत. चपलेचा पट्टा जावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा काढलेला आहे. दिसायला ते हुबेहूब आपल्या सुलट टाक्यांचे वाटतात, पण ते एकाच नाकाच्या सुईने, धाग्याचे छोटे छोटे तुकडे ओवत केलेले आहेत. तेव्हा कोणताही नमुना पाहिला की तो कोणत्या हत्याराने केला आहे, हे आधी विचारावे.

दुसरे म्हणजे नमुन्यापासून सुरुवात करू नये, हातापासून करावी. आपल्यापैकी बहुतेकींना ब्रिटिशांच्या वळणाचे विणकाम शिकवले गेले आहे, ज्यात धागा उजव्या हातात असतो आणि तर्जनीने सुईवर गुंडाळला जातो. जर्मनीत आणि उत्तर युरोपात बहुतेक ठिकाणी धागा डाव्या तर्जनीवर ताणलेला असतो आणि सुई तो नुसता उचलून घेते. अँडीज पर्वतात आणि पोर्तुगालात तो मानेभोवतून येतो. नक्षी पुस्तकातून उतरवून घेता येते, पण ती नक्षी त्याच लोकांना का सुचली, हे त्यांच्यासारखा धागा धरल्याशिवाय कळत नाही. माझा सल्ला असा, की चाळीस टाक्यांची एक पट्टी घालावी आणि पंधरा दिवस, रोज वीस मिनिटे, फक्त डाव्या हातात धागा धरून सुलट विणावे. पहिल्या चार दिवसांत पट्टी कुठे सैल, कुठे आवळलेली होईल आणि चाळीस वर्षांच्या सवयीचा राग येईल. ती पट्टी उसवू नये. पंधराव्या दिवशी तिच्यावरूनच हात कसा बसत गेला हे दिसते.

इंग्रजीची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. जपानी विणकामाचे नमुने जवळजवळ संपूर्णपणे चौकटींच्या तक्त्यांवर असतात आणि त्यांतली चिन्हे जपानच्या राष्ट्रीय मानकांनुसार ठरवून दिलेली आहेत. उभी रेघ म्हणजे सुलट, आडवी रेघ म्हणजे उलट, पोकळ गोल म्हणजे सुईवर धागा घेणे. वीस-पंचवीस चिन्हे पाठ केली की एकही जपानी अक्षर न येता शाल विणता येते. आपल्या जुन्या मासिकांतले ‘२ सु., २ उ.’ वाचणारीला तर हे सोपेच जावे. एवढे लक्षात ठेवावे, की तक्ता कामाची सुलट बाजू दाखवतो; दोन सुयांवर परतीच्या ओळीत तो डावीकडून उजवीकडे वाचावा लागतो आणि चिन्हे उलटी धरावी लागतात. जाता जाता सांगते, सुलट विणीला जपानीत ‘मेरियासु’ म्हणतात, आणि तो शब्द मोज्यांसाठीच्या पोर्तुगीज-स्पॅनिश शब्दावरून आला आहे. कोणाकडून कोण शिकले, ते भाषा असे सांगून जाते.

पहिली वस्तू टोपी किंवा मनगटपट्टी असावी. पहिल्याच खेपेला स्वेटर घालणाऱ्या अनेकींचे अर्धे स्वेटर मी कपाटांत पाहिले आहेत.

प्रश्न (सातारा) : वय एकसष्ट. उलट टाक्यांच्या ओळी विणताना उजवे मनगट फार दुखते, सुलट ओळींना तेवढा त्रास होत नाही. विणकाम सोडायचे नाही. एखादी वेगळी पद्धत उपयोगी पडेल का?

उत्तर : मनगट आधी डॉक्टरांना दाखवावे, ते टाळू नये. त्यांनी विणायला हरकत नाही म्हटले, तर पोर्तुगालातली पद्धत जरूर करून पाहावी, कारण तिथे उलट टाका हाच सोपा टाका आहे.

ही पद्धत शब्दांत सांगणे थोडे अवघड आहे, पण प्रयत्न करते. गुंड्याकडून येणारा धागा उजव्या हाताच्या मधल्या बोटावरून घ्यावा, तिथून मानेमागून फिरवून डाव्या खांद्यावरून पुढे आणावा आणि विणीला जोडावा. आता धागा आपली छाती आणि सुया यांच्या मध्ये, वीणेच्या तारेसारखा ताणलेला दिसेल. तो कायम कामाच्या पुढच्या बाजूलाच राहतो. उलट टाक्यासाठी उजवी सुई नेहमीप्रमाणे टाक्यात घालावी आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने धागा सुईच्या टोकावरून टिचकी मारल्यासारखा पलीकडे सारावा. मग सुईने तो फासातून बाहेर ओढून घ्यावा. सगळी हालचाल अंगठ्याच्या एका पेराएवढी असते. धागा गुंडाळण्यासाठी उजव्या हाताला जो हेलपाटा पडतो, तो इथे नाहीच. सुलट टाका या पद्धतीत किंचित अडचणीचा होतो, म्हणून तिथल्या विणणाऱ्या बाया मोजे आणि टोप्या आतली बाजू बाहेर ठेवून, गोलात, नुसत्या उलट टाक्यांनी विणतात आणि काम संपल्यावर वस्तू पलटतात. पेरू आणि बोलिव्हियातही असेच विणले जाते.

मानेला लोकर टोचते आणि आपल्या हवेत घामही येतो. त्यासाठी पोर्तुगालात डाव्या खांद्यापाशी आकड्याची एक पिन लावतात आणि धागा मानेऐवजी तिच्यातून नेतात. ती मिळेपर्यंत साडीची मोठी पिन ब्लाउजला आडवी लावून तिच्यातून धागा सोडला तरी काम भागते. फक्त पिनेच्या सांध्यात धागा अडकणार नाही याची काळजी घ्यावी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका बाईंनी मंगळसूत्रातून धागा ओवून पाहिला होता, तो प्रयोग आपण करू नये.

प्रश्न (ठाणे) : फेअर आयल पद्धतीची दोन रंगांची बंडी विणायला घेतली. नक्षी बरोबर आली, पण कापड जागोजागी चुण्या पडल्यासारखे आक्रसले आहे. शिवाय तिथे म्हणे पूर्ण विणलेला स्वेटर पुढून कात्रीने कापतात. हे खरे आहे का, आणि करावे का?

उत्तर : फेअर आयल हे स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या द्वीपसमूहांच्या मध्ये असलेले, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे आणि शंभराच्या आत वस्तीचे बेट आहे. तिथल्या आणि शेटलंडच्या बायकांनी हे रंगकाम घडवले. १९२० च्या दशकात त्या वेळच्या ब्रिटिश युवराजाने गोल्फ खेळताना असा स्वेटर घातला आणि सगळ्या इंग्लंडला तो हवासा झाला. नक्षीत रंग कितीही दिसले तरी एका ओळीत दोनच रंग चालतात, हे त्याचे मुख्य सूत्र आहे. न लागणारा रंग मागून सुटा धावत राहतो.

आपल्या चुण्यांचे मूळ त्या मागच्या सुट्या धाग्यात आहे. रंग बदलताना आपण तो ओढून घेत असणार. प्रत्येक वेळी रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे शेवटचे सात-आठ टाके बोटांनी पसरून घ्यावेत आणि मगच दुसरा धागा उचलावा. मागचा धागा किंचित लोंबला तरी चालेल, पण ताणला जाऊ नये. एक रंग उजव्या हातात आणि दुसरा डाव्या हातात धरला तर धागे एकमेकांत गुंतत नाहीत. नाशिकच्या वाचकभगिनींना डावा हात शिकायला सांगितला तो यासाठीच. आणखी एक बारकी गोष्ट आहे. दोन धाग्यांपैकी जो नेहमी खालून येतो त्याचे टाके किंचित मोठे बसतात, म्हणून नक्षीचा रंग खालून आणि जमिनीचा रंग वरून, हा क्रम ठरवून घ्यावा आणि तो अखेरपर्यंत मोडू नये. मध्येच क्रम बदलला तर नक्षीतले फूल त्या जागी कोमेजल्यासारखे दिसते.

कात्रीचे म्हणाल तर ते अगदी खरे आहे. शेटलंडमध्ये अंगाचा भाग गळ्यापर्यंत नळीसारखा गोल विणतात, कारण गोलात सुलट बाजू कायम डोळ्यांसमोर राहते आणि नक्षी चुकत नाही. जिथे पुढे उघडायचे किंवा बाही जोडायची तिथे सात-आठ टाके जादा घालून ठेवतात आणि शेवटी त्या टाक्यांच्या मधोमध सरळ कापतात. कापलेले टाके सुटत नाहीत, कारण शेटलंडच्या मेंढीची लोकर बारीक खवल्यांची आणि चिकट स्वभावाची असते. विणता विणताच तिचे तंतू शेजाऱ्याला धरून बसतात.

इथे माझी फजिती सांगणे भाग आहे. पंधरा वर्षांपूर्वी भाच्यासाठी असे जाकीट विणले, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे कात्री चालवली, जाकीट दिमाखात घातले गेले आणि दुसऱ्या धुण्यात डाव्या कडेचे टाके एकामागून एक ओघळले. धागा ॲक्रिलिकचा होता. आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिक असते, आणि त्या गुळगुळीत धाग्याला कोणालाही धरून राहायची सवय नसते. तेव्हा वेष्टनावर शंभर टक्के लोकर असे छापलेले नसेल, तर कापण्यापूर्वी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शिलाई यंत्रावर बारीक टाक्याच्या दोन-दोन शिवणी घालाव्यात. लोकर खरी असली तरी मी स्वतः आता एक शिवण घालतेच. मात्र तळहाताएवढा नमुना विणून तो कापून पाहिल्याशिवाय बंडीला कात्री लावू नये.

काही वाचकांनी विचारले आहे, की आपल्या डेक्कनी मेंढीची लोकर चालेल का? सातारा-सोलापूरकडची ती लोकर घोंगडीची आहे, राठ आणि आखूड. सणगर ती मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. ती पावसाळा झेलते, पण गळ्याशी सोसवत नाही. पिशवी किंवा आसन विणायला मात्र उत्तम, आणि कात्रीने कापण्याचा सराव करायला तर तिच्यासारखी दुसरी नाही.

प्रश्न (डोंबिवली) : मुलाने आयर्लंडहून वेण्यावेण्यांचा पांढरा स्वेटर पाठवला. सोबतच्या कार्डावर लिहिले आहे की प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असते आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याची ओळख त्या विणीवरून पटवत असत. मला हे फार हृदयस्पर्शी वाटले. यात तथ्य किती?

उत्तर : स्वेटर खरा आहे, कार्ड नव्हे. गॉलवेच्या उपसागरातल्या अरन बेटांवर हे वेण्यांचे, खड्यांचे, जाळीदार चौकटींचे स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडत गेले, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक दागिन्यांच्या घडणीहूनही ते नवे आहेत. घराण्यागणिक विणी ही विक्रीसाठी रचलेली गोष्ट आहे. ऑक्सफर्डचा लोकरीचा व्यापारी हाइन्झ किवे याने १९३० च्या दशकात असा एक स्वेटर पाहून या विणी हजारो वर्षे जुन्या आणि धार्मिक अर्थाच्या असल्याचे लिहायला सुरुवात केली आणि लोकांना ते आवडले. बुडालेल्या माणसाचे म्हणाल, तर १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या एका आयरिश नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते खरी. पण ते स्वेटरवरून नव्हे, मोज्यावरून. साठ टाके घालून आपण त्यातले चार सोडले होते, हे तिला आठवते. मला विचाराल तर घराण्याच्या विणीपेक्षा ते चार सुटलेले टाके अधिक खरे वाटतात; आपल्या हाताची चूक आपल्याला अंधारातही ओळखू येते.

वेण्या शिकायच्या असतील तर त्याच स्वेटरवरून शिकाव्यात. भिंग घ्यावे, एका वेणीत किती टाके आहेत आणि ती किती ओळींनी पीळ घेते एवढे मोजावे, आणि कागदावर चौकटी आखून उतरवावे.

प्रश्न (कोल्हापूर) : मी एकोणतीस वर्षांचा आहे, कारखान्यात नोकरी करतो आणि विणकाम शिकलो आहे. घरचे हसतात. पुरुष विणतात असा कोणता समाज आहे का?

उत्तर : आहेत, आणि एकाहून अधिक आहेत. पेरूमधल्या टिटिकाका सरोवरात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, ताकिले नावाचे बेट आहे. तिथे टोप्या पुरुषच विणतात आणि मागावर बसतात त्या मुख्यतः बायका. मुलगे लहानपणीच शिकतात. बारीक सुया, मानेभोवती धागा आणि इंचात मावतील तेवढे टाके. कानझापांची ती टोपी संपूर्ण लाल असली की माणूस विवाहित, वरचा भाग पांढरा असला की अविवाहित, हे बेटावर लांबून कळते. युनेस्कोने २००५ साली या बेटाच्या वस्त्रकलेला मानवी वारशाची मान्यता दिली.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांद नावाच्या दलदलीच्या प्रदेशात मेंढपाळ उंच काठ्यांवर, म्हणजे आपल्या गेडीसारख्या, उभे राहून कळपावर नजर ठेवत आणि त्याच वेळी मोजे विणत. स्ट्रासबुर्गच्या बाजूला अठराव्या शतकात विणकराला उस्ताद म्हणून मान्यता हवी असेल तर परीक्षेत सुयांवर विणलेला फुलापानांचा मोठा रंगीत गालिचा सादर करावा लागे, आणि ते परीक्षार्थी पुरुष असत. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आजही चालता चालता टकळीवर सूत काढतात. घरच्यांना यातले काही सांगण्यापेक्षा त्यांच्यासाठी एक-एक कानटोपी विणावी. कोल्हापुरात जानेवारीची पहाट तेवढी बोचरी असते.

प्रश्न (इंदूर) : ‘अंगठीतून जाणारी’ लोकरीची शाल रशियात सुयांवर विणतात, असे वाचले. ही आपल्या काश्मिरी पश्मिन्याचीच पद्धत आहे का? ती मला शिकता येईल का?

उत्तर : पहिल्या उत्तरातला घोटाळा तो हाच. काश्मिरी पश्मिना लडाखच्या चांगथांगमधल्या शेळ्यांच्या मऊ लोकरीचा असला तरी तो मागावर विणतात. अंगठीतून जाणारी, सुयांवर विणलेली शाल तीन ठिकाणची प्रसिद्ध आहे : उरल पर्वताच्या दक्षिणेचे ओरेनबुर्ग, एस्टोनियातले हापसालू आणि शेटलंडमधले उन्स्ट बेट. ओरेनबुर्गची शाल शेळीच्या अंगावरून विंचरून काढलेल्या पिसासारख्या लोकरीची असते, त्या लोकरीला रेशमाच्या धाग्याचा जोड देतात आणि काठ व मधला भाग एकाच वेळी विणत जातात. हापसालूत मधला भाग आणि काठ वेगवेगळे विणून नंतर सैल हाताने शिवतात.

शिकण्यासाठी मी हापसालू सुचवेन, कारण तिची रचना सोपी आणि चूक दुरुस्त करण्याजोगी आहे. हापसालू हे समुद्रकाठचे चिखलस्नानाचे गाव; एकोणिसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्गचे श्रीमंत तिथे उन्हाळ्यात येत आणि शाली विकत घेत. तिथल्या विणीची खूण म्हणजे ‘नुप’, म्हणजे जाळीत उठून दिसणारा लहानसा मणी. शाली वजनावर विकल्या जात म्हणून वजन वाढवायला नुप आले, असे तिकडे गमतीने सांगितले जाते.

नुप करताना एकाच टाक्यात सुलट, धागा, सुलट, धागा, सुलट असे पाच फास काढायचे आणि परतीच्या ओळीत ते पाचही एकत्र उलट विणायचे. लिहायला दीड ओळ लागली, पण पहिल्या दिवशी परतीच्या ओळीत सुई पाच फासांत शिरतच नाही. हे सगळ्यांचे होते. त्याचे कारण असे, की आपण फास सवयीने घट्ट काढतो. प्रत्येक फास बोटभर लांब ओढावा, इतका की तो बेंगरूळ दिसू लागेल. परतीला तो आपोआप आवळून मणी होतो. पाचांचे जमले की सातांचे करावेत. सुया टोकदार, गुळगुळीत आणि शक्यतो लाकडाच्या घ्याव्यात.

विणून झाल्यावर शाल चुरगळलेल्या मच्छरदाणीसारखी दिसेल, घाबरू नये. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे, गादीवर ताणून काठाच्या टोकाटोकाला न गंजणाऱ्या टाचण्या लावाव्यात आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. नक्षी तेव्हा उघडते. ॲक्रिलिकवर ही जादू चालत नाही. अंगठीचा प्रयोग करावा, पण लग्नातली खड्यांची अंगठी वापरू नये. एक खडा सगळी जाळी ओढून नेतो.

प्रश्न (व्हँकूवर) : आम्ही काही मराठी मैत्रिणी येथे आठवड्यातून एकदा विणायला जमतो. काउइचन स्वेटर शिकून मंडळाच्या मेळ्यात विकावेत असा विचार आहे. काही आक्षेप येईल का?

उत्तर : येईल, आणि तो रास्त असेल. आपण ज्या शहरात राहता त्याच्या समोरच्याच बेटावरचे कोस्ट सेलिश लोक (काउइचन ही त्यांचीच एक जमात) युरोपीय वसाहतींपूर्वीपासून डोंगरी बकऱ्याच्या आणि खास पाळलेल्या कुत्र्यांच्या केसांचे सूत कातून कांबळी विणत होते. एकोणिसाव्या शतकात ते सुयांचे विणकाम शिकले आणि त्या जाड, हातकताईच्या, न रंगवलेल्या लोकरीतून त्यांनी पूर्णपणे आपला असा स्वेटर घडवला. पुढे कित्येक कुटुंबांची चूल या कामावर पेटत होती, आणि दाम मात्र मध्यस्थ घेऊन जात. २०१० सालच्या व्हँकूवर हिवाळी ऑलिम्पिकसाठी विक्रीला आलेला अधिकृत स्वेटर काउइचनसारखाच दिसतो म्हणून तिथल्या जमातीने जाहीर हरकत घेतली होती.

शिकणे आणि विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःसाठी किंवा नातवंडांसाठी विणताना जाड धाग्याचे दोन रंग मागे टाक्याटाक्याला अडकवत नेण्याची त्यांची हातोटी अवश्य शिकावी, आणि शक्य असेल तर त्या समाजातल्या शिकवणाऱ्या बाईंकडे, त्यांची फी देऊन शिकावी. विक्रीसाठी मात्र त्यांचे नाव आणि त्यांचे गरुड-तिमिंगल घेऊ नयेत. त्याच जाड लोकरीत आपली गोपद्मे, कमळे आणि सरस्वतीची रांगोळी बसवावी; ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद हा विणकामाचा तयार तक्ताच असतो. फक्त टाका उंचीपेक्षा रुंदीला थोडा जास्त असतो, त्यामुळे उभ्या ओळी थोड्या वाढवाव्या लागतील.

प्रश्न (दादर, मुंबई) : सगळे दूरचेच सांगता. भारतात सुयांच्या विणकामाची परंपरा नाहीच का? आणि मुंबईच्या उकाड्यात लोकर घालायची कुणी?

उत्तर : लाहौलचे मोजे आणि हातमोजे पाहावेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर केलाँगला आलेल्या मोरेवियन मिशनऱ्यांकडून तिथल्या बायका सुयांचे विणकाम शिकल्या आणि नक्षी मात्र त्यांनी आपली घातली. आज त्या मोज्यांना भौगोलिक निर्देशन मिळालेले आहे. घोट्याच्या वरचा रंगीत पट्टा पाहताना शेटलंडची आठवण होते, पण रंग हिमालयाचे भडक गुलाबी-हिरवे असतात. मनालीला गेलात तर माल रोडवरच्या यंत्रावरच्या मोज्यांना भुलू नये, मोजा उलटा करून आतले धागे पाहावेत.

उकाड्याचे उत्तर इजिप्तमध्ये आहे. तिथे सापडलेल्या खऱ्या सुयांच्या विणकामाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत मध्ययुगातल्या सुती मोज्यांचे निळ्या-पांढऱ्या रंगांतले तुकडे आहेत. म्हणजे ही कला थंडीत आणि लोकरीतच जन्मली असे मानायचे कारण नाही. मर्सराइज्ड सुताच्या दोन गुंड्या, एक पांढरी आणि एक निळी, आणि अडीच मिलिमीटरच्या चार सुया घ्याव्यात. साठ टाक्यांवर गोलात मनगटपट्टी घालावी आणि दोन रंगांच्या आडव्या पायऱ्या किंवा चौकड्या विणाव्यात. सुताला लोकरीसारखी लवचीकता नसल्यामुळे मागचा सुटा धागा तीन टाक्यांहून लांब ठेवू नये, नाहीतर पट्टी हातातून जाणार नाही. निळा धागा विणण्यापूर्वी भिजवून पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहावा. चिंधी निळी झाली तर तो पुन्हा धुवावा, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत टाके घालू नयेत.